तळं ड्युटी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण या किश्श्यात शेवटी ओली होणारी, आरडाओरडा करणारी आणि माफी मागणारी मीच आहे. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नाही!

मला काय वाटलं होतं, सांगू? आफ्रिकेत वन्यप्राण्यांचं शिक्षण घेऊन मी परत येईन, दौंडकडच्या माळावर उभी राहीन, समोर पिवळं गवत, गवतात लांडगा, आणि मागे सगळी वस्ती गोळा होऊन विचारतेय, "ताई, आम्ही काय करू, तुम्ही फक्त सांगा!"

आणि मिळालं काय? कुरकुंभला कंपनीच्या कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या रांगेतली शेवटची खोली, बाहेर सामाईक नळ, आणि माझ्याशी हिंदीत बोलणाऱ्या घरमालकीण रत्नाकाकू. "पानी सुबह आएगा, भर लेना." अहो काकू, मी शिरूरची! पण सातवीपासून डेहराडूनच्या वसतिगृहात राहिलेल्या मुलीचं मराठी ऐकून त्यांचा विश्वास बसेना. कामगार शिफ्टला जायचे, शिफ्टवरून यायचे, झोपायचे. संध्याकाळी सहानंतर माझ्याशी आपणहून बोलणारा एकच आवाज होता, "आपका रिचार्ज समाप्त होने वाला है." एकदा तर मी त्या बाईला "हो, करते" म्हणाले.

मग आलीस कशाला, असं विचाराल. तेही सांगते.

शिक्षणाचा शेवटचा भाग म्हणून मला तिकडे वर्षभर एका खासगी रानात काम मिळालं होतं. प्राणी वाचवायला म्हणून गेले आणि कळलं की तिथे पाहुणे येतात ते प्राणी मारायला. रीतसर परवाना काढून, आरामात! माझं काम काय? पाहुण्याबरोबर गवताच्या आडोशात गप्प बसायचं आणि त्याला पाणी द्यायचं. अंगाला साबण नाही, केसांना तेल नाही, प्राण्याला वास जातो. बोलायचं नाही. शिंकायचं तर मुळीच नाही. एका पाहुण्याबरोबर मी अशी तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी कुडू आला. कुडू म्हणजे पिळाच्या शिंगांचं, घोड्याएवढं हरीण. पाहुण्याने गोळी घातली. मग कुडूचं डोकं नीट उचलून धरलं, माझ्या हातात फोन दिला आणि म्हणाला, "माझी डावी बाजू चांगली येते."

मी फोटो काढला. तीनदा काढला, कारण पहिल्या दोन फोटोंत डोळे मिटले होते. पाहुण्याचे. कुडूचे उघडेच होते.

तेव्हा ठरवलं, आता आपल्या माळावर जायचं आणि बंदुकीशिवाय बसायचं. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेने मला महिनाभराची मुदत दिली. या माळावर लांडगा आहे असा एक फोटो आण, मग पुढचं काम देऊ. त्यातले तीन आठवडे पायपिटीत गेले. लांडगा सोडा, लांडग्याची विष्ठासुद्धा ताजी मिळाली नाही. आणि तेवढ्यात त्या आफ्रिकेतल्या रानाच्या व्यवस्थापकाचा निरोप आला, "पाहुण्यांची व्यवस्था बघायला कायमची जागा आहे. रविवारपर्यंत कळव."

खरं सांगू का? मला मोह झाला. शिकारीसाठी नाही हो! तिकडे रात्री जेवायला बारा माणसं एका टेबलावर बसायची. एवढ्यासाठीच.

उरले आठ दिवस. मी ठरवलं, आता तिकडे शिकलेली विद्याच वापरायची. एका जागी लपून बसायचं.

जागा मिळाली ती संतोषच्या शेततळ्याजवळ. संतोष कुरकुंभच्या एका कंपनीत ऑपरेटर, माझ्याच वयाचा, आणि माळाला लागून त्याच्या घरची शेती. तळ्याला प्लास्टिकचं अस्तर, कुंपण एका बाजूने पडलेलं, आणि पाइप गळून शेजारी एक डबकं झालेलं. त्या डबक्यावर जनावर पाण्याला येणार, हे उघड होतं.

मी संतोषला विचारलं, "तळं किती खोल आहे?"

"पंचवीस फूट असंल."

"आत पडलं तर बाहेर येता येतं?"

"न्हाई वो, प्लास्टिकवर पाय ठरत न्हाई."

"आणि संध्याकाळी इथे कुणी येतं का?"

"कोन यायचं?"

"छान! मला अगदी अशीच जागा हवी होती."

संतोष माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, शहरातली मुलगी एवढी अभ्यासू कशी, याचं त्याला कौतुक वाटतंय.

दुसऱ्या दिवसापासून मी बाभळीखाली, अंगावर खाकी जाळी घेऊन बसायला लागले. सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत. साबण बंद, तेल बंद. गवतामुळे नाक गळायचं, डोळे लाल व्हायचे. अधूनमधून फोनवर इंग्रजीत नोंदी बोलायची, "तिसरा दिवस, काहीच नाही." स्वतःचाच आवाज ऐकून बरं वाटायचं, म्हणून नोंदी जरा लांबतही गेल्या.

आणि चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. माळावर मी एकटी नव्हते.

बांधाच्या आड एक म्हातारा होता. खांद्यावर घोंगडं, हातात कुऱ्हाड. मेंढरं राखतोय असं दाखवत होता, पण मेंढरं एकीकडे आणि याची नजर दुसरीकडे. दुपारी एकजण मोटरसायकलवरून आला, कडुलिंबामागे गाडी लावली आणि तिथेच बसला. त्याच्याजवळ काय होतं? दोरखंड! आणि ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब!

दोर समजू शकते. जाळं लावायला लागतो. पण ट्यूब? खूप विचार केला आणि उत्तर सापडलं. शिकारीची वाट बघताना टेकून बसायला! तिकडचे पाहुणेही हवेच्या गाद्या आणायचे.

पाचव्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. बरोबर तीन वाजता माणसं बदलत होती. एक जायचा, दुसरा यायचा, दोर आणि ट्यूब ताब्यात घ्यायचा. शिट्टीची खूणही होती. केवढी शिस्त! ही साधीसुधी चोरटी शिकार नव्हती, ही टोळी होती. सहाव्या दिवशी माझ्या बाभळीपासून वीस पावलांवर, दगडावर दोन पेरू आणि फडक्यात बांधलेली भाकरी ठेवलेली दिसली. आमिष! मी ते प्लास्टिकच्या पिशवीत भरलं, वर तारीख घातली आणि पुरावा म्हणून खोलीवर नेलं. त्या रात्री मी कोरडी मॅगी खाल्ली, आणि समोर तो पुरावा घमघमत होता.

सातवा दिवस, शनिवार. संध्याकाळचे पाच. म्हातारा कुऱ्हाडीसह बांधाआड, आणि दोरवाला लिंबामागे. मी वनरक्षकांना फोन लावला आणि कुजबुजले, "साहेब, मी तळ्याजवळ आहे. सशस्त्र टोळी आहे. लगेच या."

"मॅडम," साहेबांचा आवाज एकदम चढला, "तिथंच बसा. उठू नका. तळ्याकडं तर अजिबात जाऊ नका. मी आलोच!"

काय तळमळ! कोण म्हणतं सरकारी माणसं काम करत नाहीत? माझ्या अंगात बळच आलं. पण साहेब येईपर्यंत टोळी पसार झाली तर? कुडूच्या वेळी मी फोटो काढत उभी राहिले होते. या वेळी नाही! मी जाळी फेकली आणि उठले. जवळची वाट तळ्याच्या काठावरूनच होती.

लिंबामागून शिट्टी वाजली. "मामा! बाई उठली! बाई तळ्याकडं निगाली!"

"आरं पळ!" म्हातारा ओरडला. "पळ लेका, दोर घे!"

पळताहेत! मीही पळाले. "थांबा! कुणाची शिकार करताय तुम्ही? थांबा म्हणते ना!"

गंमत बघा, ते पळत होते माझ्याकडेच. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी थबकले. कडेला आलेल्या प्लास्टिकवर थबकले. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

मला पोहता येतं, बरं का. पण काठ हाताला लागेना. धरायला जावं की सर्रकन खाली! तेवढ्यात धप्पकन माझ्यासमोर ट्यूब पडली. मी तिला मिठी मारली, आणि सांगायला लाज वाटते, ट्यूबमधूनच ओरडायला लागले, "तुमच्यावर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल होईल!"

"व्हय, व्हय, करू दाखल," म्हातारा दोर ओढत म्हणाला. "आदी वर तर ये, बाये."

वर ओढल्यावर बघते तर दोर धरणारा दुसरा होता संतोष. लिंबामागे टोपी आणि रुमाल बांधून बसलेला तो मला ओळखूच आला नव्हता. तेवढ्यात वनरक्षक साहेबांची गाडी आली. मी नखशिखांत निथळत होते, तरी बोट रोखून म्हणाले, "साहेब, पकडा यांना!"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग संतोषकडे बघितलं. आणि म्हणाले, "माझी ड्युटी उद्या हुती ना रे?"

मला पोत्यासारखं उचलून म्हाताऱ्याच्या घरी नेलं. ते धुळामामा. साठ मेंढरं राखतात. मामींनी मला कोरडं लुगडं दिलं, वर घोंगडी गुंडाळली आणि हातात उकळता चहा दिला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, "कोन हुतं गं त्ये, ज्याच्यापायी एवढा जीव टांगणीला लावलास?"

"लांडगा," मी दात वाजवत म्हणाले.

"आसू दे, आसू दे. नाव नको घिऊ त्याचं."

"नाही हो मामी, खरंच लांडगा! चार पायांचा!"

सगळे चुलीपाशी सरकून बसले. मग मी सांगायला लागले आणि ते सांगायला लागले. रत्नाकाकूंनी बघितलं होतं, पोरगी अंघोळीचा साबण वापरत नाही, केस विंचरत नाही, धड शिजवत नाही, एकटीच फोनवाल्या बाईला उत्तरं देते. संतोषने ऐकलं होतं, पोरगी तळ्याची खोली विचारते आणि आत पडलं तर बाहेर येता येतं का, हेही विचारते. दोघांनी एकमेकांना सांगितलं आणि वस्तीने ठरवलं, हिला एकटं सोडायचं नाही. समोरून बोललं तर बिचकेल, म्हणून लांबून. पोरं सगळी कंपनीतली, त्यांनी शिफ्ट लावल्या.

"मंगळवारी मला सोडवायला रिलिव्हरच आला नाही," संतोष म्हणाला. "मॅडम, तुमच्यासाठी मी डबल मारलीय."

"आणि भाकरी? पेरू?"

"म्या ठिवलं हुतं," मामी म्हणाल्या. "खाल्लंस का?"

काय सांगू? पिशवीत घालून तारीख टाकली म्हणून?

मी मान खाली घालून म्हणाले, "मला फक्त लांडग्याचा फोटो हवा होता. उद्या मुदत संपतेय. लांडगा इथे नाहीच."

धुळामामांनी चहाची बशी खाली ठेवली. "न्हाई कसा? येक लंगडी मादी हाय आन् दोन पिल्लं. रोज सांच्याला माझ्या मेंढरांच्या मागं आसत्यात. तू बसायचीस ना, तवा तुझ्या पाठीमागच्या बांधावर येऊन बसायची ती. तुझ्याकडंच बघत. म्या म्हनलं, ही बी ड्युटीवर हाय."

"मामा! मग सांगितलं का नाही?"

"तू कवा इचारलंस?"

बरोबर आहे. तीन आठवडे माळ पालथा घातला, आणि मेंढरं राखणाऱ्या माणसाला "लांडगा बघितला का" एवढं विचारायचं मला सुचलं नव्हतं. तिकडे शिकवलंच होतं तसं. रानात माणूस दिसला तर गप्प बसायचं.

खोलीवर आले तर संतोषने मला त्यांच्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. ग्रुपचं नाव "तळं ड्युटी". माणसं तेवीस. मी पहिल्यापासून वाचत बसले.

"७.०५ बाई आल्या. तब्येत ठीक वाटते."

"११.४० बाई रडत आहेत."

"११.४५ रडत नाहीत. शिंकत आहेत."

"२.५५ रिलिव्हर कुठे आहे????"

"आज डबा आणला नाही. मामींना सांगा."

"५.३० बाई गाणं म्हणत आहेत. कळलं नाही पण आवाज चांगला आहे."

त्यावर नऊ जणांनी अंगठे दिले होते. रत्नाकाकूंचाही एक होता.

पिशवीतली भाकरी दगडासारखी झाली होती. मी ती पाण्यात भिजवून खाल्ली आणि इतक्या दिवसांतलं उरलेलं सगळं रडून घेतलं. आता बघायला ड्युटीवर कुणी नव्हतं.

रविवारी सकाळी उठले, साबण लावून अंघोळ केली आणि तिकडच्या व्यवस्थापकाला दोन ओळींत कळवलं, मी येत नाही. संस्थेला कळवलं, फोटोला उशीर होईल, पण येईल. मग सात वाजता धुळामामांच्या दारात जाऊन उभी राहिले. ते मेंढरं सोडत होते.

"मामा, आजपासून मी तुमच्याबरोबर चालणार. रोज."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "चल. पन बोलत चालायचं. गप झालीस, की पोरं पुन्ना शिफ्टा लावत्याल. नाईटसुद्दा."

मी बोलायला सुरुवात केली. डेहराडून, आफ्रिका, कुडू, काकूंचं हिंदी, सगळं. तिसरा बांध ओलांडला तेव्हा मामा थांबले, कुऱ्हाडीच्या दांड्यावर हनुवटी टेकली आणि म्हणाले,

"पोरी, जरा गप बसतीस का? लांडगा पळंल."