तिसऱ्या मजल्यावरची उतरंड

महादेवी कोणाच्याही घरी गेली की आधी वर बघायची. पत्रा दिसला तर निवांत मांडी घालून बसायची. स्लॅब दिसला तर दाराजवळची जागा धरायची आणि चहा अर्धा टाकून उठायची. नांदेडच्या ओळखीच्या बायकांना हे पाठ झालं होतं.

तिचं माहेर निलंग्याच्या बाजूचं. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी सगळ्या गावाची घरं. त्र्याण्णवच्या भूकंपात ती तेरा वर्षांची होती. त्याआधीच्या वर्षात घरातली मडक्यांची उतरंड दोनदा आपोआप कोसळली होती, आणि दोन्ही वेळा आई म्हणाली होती, मांजर असंल. गणपती बोळवून आल्यावर उकडत होतं म्हणून महादेवी अंगणात झोपली. पहाटे उतरंड तिसऱ्यांदा पडली. आतून आईने मांजराला हुसकावल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजावर माळवद आलं. आई आणि धाकटा भाऊ सापडले ते संध्याकाळी.

तेव्हापासून ती जिथे राहिली तिथे स्वयंपाकघरात स्टीलचे पेले उपडे घालून एकावर एक रचत आली. सर्वांत वर चमचा. धरणी जरा हलली तर आधी चमचा वाजणार, मग पेले. वाजले की विचारत बसायचं नाही, निघायचं. अलीकडे हिंगोलीच्या बाजूला धक्के बसले, नांदेडपर्यंत भांडी खुळखुळली, तेव्हापासून तिला कोणी वेडी म्हणेनासं झालं.

नवरा भीमाशंकर रेल्वेच्या कार्यालयात कारकून. इतकी वर्षं त्याने तिच्यासाठी पत्र्याच्या भाड्याच्या घरात काढली. आता मात्र तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. महादेवीने एकच अट घातली. दिवाळीपर्यंत राहून बघते. जीव लागला नाही तर लातूरजवळच्या मुरुडला केवळाबाईकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, पत्र्याखाली जाईन. तिची पिशवी भरून दारामागे टांगलेली होती. चपलांचा एक जोडसुद्धा आत होता. भीमाशंकर येताजाता त्या पिशवीकडे बघायचा.

मुलगी प्रियदर्शनी कॉलेज करून व्हिडिओ गेमचे व्हिडिओ बनवायची. नवा खेळ आला की पहिल्या तासाभरात कसा वाटला ते आपल्या बोलीत सांगायचं, एवढंच तिचं काम. 'जासूद' नावाच्या खेळाचा पहिला भाग ती खेळत होती तेव्हा महादेवी मागे शेंगा निवडत बसली होती. औशाच्या किल्ल्यातून कंधारला खलिते पोचवणारा घोडेस्वार, त्याची गोष्ट. मध्येच महादेवी बोलली होती की घोड्याला पाणी दाखीव की गं, कवापासून पळवायलीस. ते लोकांना फार आवडलं. म्हणून दुसरा भाग आला त्या दुपारी मुलीने आईला शेजारी बसवलं, नवे मोठे स्पीकर भिंतीला टेकवून लावले आणि खेळायचा रिमोट आईच्याच हातात दिला; कुठलं बटण कधी दाबायचं ते ती सांगत गेली.

सुरुवात झकास होती. घोड्याची आयाळ वाऱ्यावर उडत होती, मांजरा नदीच्या पाण्यात आभाळ दिसत होतं. पहिल्या भागात माणसं लाकडी चालायची. आता बाया डोईवरची घागर सावरत वळून बघत होत्या. महादेवीला हसू आलं. मग रात्र झाली आणि जासूद एका गावात मुक्कामाला शिरला. महादेवीचं हसू थांबलं. जाड भिंती, वर माळवद, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपलेली.

"इथं नगं," ती म्हणाली. "याला अंगणात झोपीव."

मुलगी हसून म्हणाली, आई, गोष्टच तशी आहे.

खेळात कुत्री भुंकायला लागली. लांबून शत्रूच्या घोडदळाच्या टापा आल्या. आवाज वाढत गेला तसा हातातला रिमोट थरथरायला लागला, आधी हळू, मग जोरात. महादेवीच्या तळव्यातून थरथर कोपरापर्यंत चढली. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात चमचा वाजला. मागोमाग पेले धडाधड कोसळले.

तिने मुलीचं मनगट धरलं ते सुटेना. अनवाणी जिना उतरताना ती एकेका दारावर थाप मारत होती.

"भाईर निघा! जमीन हालायली! भाईर!"

कोणी विचारत बसलं नाही. शेजारची नागाबाई कणकेच्या हातांनी निघाली. दुसऱ्या मजल्यावरचे चन्नबसप्पा काका काठी टेकत शेवटी उतरले. सगळे गेटबाहेरच्या मोकळ्या जागेत उभे राहिले आणि इमारतीकडे बघत राहिले. इमारत जागच्या जागी होती. वायरींवर पाखरं शांत बसली होती.

सगळ्यांत आधी प्रियदर्शनीच्या लक्षात आलं. तिने आईच्या कानाशी लागून सांगितलं की त्या टापा होत्या, रिमोट टापांबरोबर थरथरतोच, आणि भिंतीला लागलेले स्पीकर. त्याच भिंतीच्या पलीकडच्या बाजूला पेले. लपवणं महादेवीला जमलं नाही. तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं आणि मान खाली घातली. सकाळ व्हायच्या आत मुरुडला निघायचं, एवढं तिने मनात पक्कं केलं.

नागाबाई म्हणाली, "म्हंजी खेळातल्या घोड्यानं पळीवलं व्हय आमाला? माजी पोळी करपली, बाई."

दोघंतिघं हसले. चन्नबसप्पा काका हसले नाहीत. त्यांचंही गाव भूकंपाच्या त्याच पट्ट्यातलं, हे महादेवीला तेव्हाच कळलं.

"आमच्या गल्लीत अशी हाक मारायला कुनी नव्हतं," ते म्हणाले. "परत पेले पडले तर परत हाक मार, महादेवी. खरंखोटं नंतर बघू. मी चपला दारातच ठिवतो."

ती वर आली. आधी पेले गोळा केले, पुसले, पुन्हा रचले, वर चमचा ठेवला. चमचा दोनदा घसरला. मग दारामागच्या पिशवीतून चपला काढून उंबऱ्याशी ठेवल्या, तोंडं बाहेर करून. भीमाशंकर आला की आधी ते बघेल, आणि ती राहतेय हे ओळखेल.

प्रियदर्शनीने स्पीकर भिंतीपासून दूर ओढले होते. पडद्यावर जासूद कधीच मारला गेला होता आणि खेळाने त्याला पुन्हा त्याच घरात, त्याच उतरंडीजवळ आणून उभं केलं होतं. टापा अजून लांब होत्या. म्हातारी झोपलेली होती.

"हिला उठवायचं बटन कुठलं?" महादेवीने विचारलं.

"तसं बटण नाही, आई. शीळ आहे फक्त. घोड्याला बोलवायची."

महादेवीने रिमोट घेतला. तो हळूहळू थरथरायला लागला होता. तिने बटण दाबून शीळ घातली. म्हातारीने कूस बदलली. टापा जवळ आल्या. महादेवीने पुन्हा शीळ घातली, आणि पुन्हा.