थंडोबांची मार्टिनी

आमच्या इमारतीत काकांना सगळे थंडोबा म्हणतात. स्वभावाने म्हणाल तर माणूस एक नंबरचा उतावळा. चहा निवायची वाट न बघता तोंड भाजून घेणारा. नाव पडलं ते धंद्यामुळे. उभी हयात त्यांनी फ्रीज, बर्फाची यंत्रं आणि शीतगृहं दुरुस्त करण्यात घालवली. आणि ही यंत्रं मोठी आगाऊ. दिवसभर सुतासारखी सरळ चालतात आणि माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन टेकला की बरोब्बर बंद पडतात. त्यामुळे काकांची संध्याकाळ घरात अशी कधी गेलीच नाही.

मग काका निवृत्त झाले. पहिल्याच संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले, तर काकू पायात चपला सरकवत होत्या. खालच्या मजल्यावर चौघीजणींचा पत्त्यांचा डाव असतो, तो वर्षानुवर्षं चुकलेला नाही.

"अगं, मी घरी आहे," काका म्हणाले.

"दिसतंय की. जेवण झाकून ठेवलंय," काकू म्हणाल्या आणि गेल्या.

मी त्यांची पुतणी, समोरच्याच दारात राहते, म्हणून हे सगळं मला फुकटात बघायला मिळतं. काकांची मला दया आली. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू!

काकूंना संध्याकाळी घरात बसवायचं कसं, यावर काकांनी शोधून काढलेला उपाय म्हणजे मार्टिनी. बारच्या काउंटरखाली आडवं पडून बर्फाचं यंत्र खोलताना त्यांनी ती खालून हजारदा पाहिली होती. पाच भाग जिन, एक भाग व्हर्मूथ, म्हणजे कडवट झाडपाल्यात मुरवलेली वाइन. दोन्ही बर्फात ढवळायचं, पेल्यात गाळायचं आणि वर लिंबाच्या सालीचा तुकडा पिळायचा. बारवाला म्हणायचा, सगळी मजा गारव्यात आहे. झालं! गारवा म्हणजे काकांचं माहेर.

"शनिवारचा डाव सोडते," काकू म्हणाल्या, "पण ते प्यायच्या लायकीचं झालं पाहिजे."

काकांच्या बाल्कनीत भंगारातून उठवून जिवंत केलेला एक डीप फ्रीझर आहे. काकू त्याला सवत म्हणतात. काकांनी जिन, बर्फ, पेले, ढवळायचं भांडं, चमचा, सगळं त्या सवतीच्या पोटात घातलं. व्हर्मूथ गोठते म्हणून ती तेवढी साध्या फ्रीजमध्ये. शनिवारी हातमोजे घालून मार्टिनी केली, थर्मामीटर बुडवून खात्री केली आणि काकूंपुढे ठेवली.

काकूंनी एक घोट घेतला. "हे पितात, की याने वॉर्निश काढतात?"

"गारवा कमी पडला," काका म्हणाले.

पुढच्या शनिवारी फ्रीझरचं तापमान आणखी खाली नेलं. त्या दिवशी काकूंचा ओठ पेल्याच्या काठाला चिकटला आणि घसा आधीपेक्षा जास्त जळला. मी म्हटलं, "काका, जिन बदलून बघा." काका म्हणाले, "गारवा कमी पडतोय." प्रत्येक दुखण्यावर या माणसाकडे एकच औषध. अति तिथे माती, हे त्यांना कोण सांगणार?

शेवटी काकूंनी निकाल दिला. "आता एक शनिवार. पुन्हा असंच झालं, तर मी आपली पत्त्यांना जाते. संध्याकाळी घर राखायला तुम्ही आहातच."

त्या शनिवारी काका परीक्षेला बसल्यासारखे ढवळत होते. काकू पर्स मांडीवर घेऊनच बसल्या होत्या. मला असली शांतता सोसत नाही, म्हणून मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. काकू मुख्याध्यापिका झाल्या तेव्हाच्या समारंभाचा. "काकू, यात काका कुठे आहेत?"

"ते कुठले असायला? माशांच्या शीतगृहात."

"कॉम्प्रेसर बसला होता," काका म्हणाले. "सगळा माल सडला असता." मग चमचा थांबवून त्यांनी विचारलं, "तू भाषणात काय बोललीस त्या दिवशी?"

"आत्ता विचारताय?"

"आत्ता विचारतोय."

काकूंनी पर्स खाली ठेवली. "म्हटलं, माझ्या घरी एक माणूस आहे. गावाचं अन्न नासू नये म्हणून तो रोज बाहेर असतो आणि त्याचं स्वतःचं ताट रोज गार होतं. मी त्याच्यावर रोज चिडते. लोक हसले. मग म्हटलं, आज मात्र तो इथे हवा होता. तेवढं म्हटलं आणि मला पुढचं सुचेना. चष्मा पुसला आणि शाळेच्या गळक्या छपरावर बोलले."

काका खुर्चीत बसले. "मला कुणी सांगितलं नाही."

"कोण सांगणार? शाळेचा शिपाई?"

मग काकांनी आणखी विचारलं. कोण कोण आलं होतं, साडी कुठली नेसली होतीस, घरी कशी आलीस. काकू सांगत गेल्या, मधूनच चिडल्या, मधूनच हसल्या. भांडं टेबलावर तसंच राहिलं. बऱ्याच वेळाने काकांचं तिकडे लक्ष गेलं. बर्फाचे खडे निम्म्याने झिजले होते.

"गेलं! पाणी झालं," काका भांडं घेऊन मोरीकडे निघाले.

"फेकू नका. ओता."

काकूंनी घोट घेतला. मग दुसरा. "आज जमलंय की हो!"

काकांनी काकूंच्याच पेल्यातून चाखून पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "पाणी लागतं याला! बर्फ वितळायलाच हवा. मी फ्रीझर इतका खाली नेला की त्याला वितळूच देत नव्हतो. थांब, आत्ता वर आणतो." ते तसेच बाल्कनीकडे धावले.

"अहो," काकू म्हणाल्या, "तो चालू आहे ना? मग चालू दे. तुम्ही बसा."

काका परत येऊन बसले. मी हळूच दार ओढून घेतलं.

खालच्या मंडळींना शनिवारसाठी चौथा भिडू मिळायला फार दिवस लागले.