दिवसा लावलेलं दार

पुण्याला निघाले त्या दिवशी आमच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि निम्मं गाव ओसरीवर बसलं होतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई. त्यांनी मधल्या सुट्टीची घंटा दहा मिनिटं आधीच दिली आणि मला एसटीवर सोडायला आले. आईनं भाकरी आणि जवसाची चटणी बांधून दिली. ती रडली नाही. पिशवी हातात देताना एवढंच म्हणाली, "शिक, पण वापस ये. आपल्या इकडं डोक्याचं पाहाले कोणी नाही."

हे वाक्य कोणामुळे आलं ते ओसरीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. माझी शांताआत्या. बाळंतपणानंतर तिचं डोकं फिरलं असं लोक म्हणायचे. मी तिसरीत होते. तिला मागच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी लावली, ती दोन वर्षं. आमच्या भागात हिवाळ्या-पावसाळ्यात दिवसा घराचं दार कोणी लावत नाही. कुत्रं शिरलं तर शिरू दे, दार उघडंच. दिवसा लावलेलं दार दिसलं की माणसं पाणी प्यायच्या निमित्तानं येऊन विचारतात, कोण गेलं, का कोणाले कोंडलं? आत्या त्या खोलीतच गेली. मी क्लिनिकल सायकॉलॉजी का घेतली याचं खरं उत्तर ते आहे. प्रवेशाच्या मुलाखतीत मात्र मी "मला विषयाची आवड आहे" असं सांगितलं, कारण पुण्यात तसंच सांगतात.

तुम्ही तिकडं गावी राहिलेल्या सगळ्याजणी मला विचारता, पुणं कसं आहे? पुण्यात दारं आहेत, बायांनो. दार, त्याच्यापुढे जाळीचं दार, आणि त्यावर सूचना. सदाशिव पेठेत मी ज्यांच्याकडे भाड्यानं कॉट घेतली त्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "विदर्भातल्या ना तुम्ही? तिखट खाता म्हणे. खा हो, पण फोडणीचा वास जिन्यात येता कामा नये." आणि तुम्ही इकडं आलेल्या ज्या आहात, तुम्हाला तर सांगायलाच नको. पहिल्या सहा महिन्यांत आपण सगळ्यांनीच जिभेवरचं 'काहून' आणि 'मले' खरवडून काढलं आहे. मी तर इतकं घासलं की एकदा फोनवर आईला "तुम्ही जेवलात का?" असं विचारलं. 

दुसऱ्या वर्षी एक महिन्याची ग्रामीण पोस्टिंग होती. माझ्या बरोबरीच्या मुली जवळचं गाव मिळावं म्हणून धडपडत होत्या. मी माझाच तालुका मागून घेतला. आईला फोन करून सांगितलं, येते म्हणून. घरापासून सात किलोमीटरवरचं आरोग्य उपकेंद्र, तिथली एक टेबल आणि दोन खुर्च्यांची खोली, आणि आठवड्यातून एकदा पुण्याच्या मॅडमशी व्हिडिओवर सुपरव्हिजन. मला वाटलं, झालं, आपण वापस आलो.

तिथं वनिता भेटली. ती माझ्याच गावची लेक, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, उपकेंद्राच्या गावात दिलेली. मला ज्योतीताई म्हणायची. तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. तेव्हापासून तिला झोप नव्हती, जेवण नव्हतं, जगावंसं वाटत नव्हतं. ती एकटी कधी येत नसे, सासू बरोबर असायचीच. मी पहिल्या दिवशीच ओळखलं की ही खोलीत बसून बोलायची नाही. म्हणून त्यांच्याच ओसरीवर जायला लागले. पौषाचे दिवस, सगळीकडे तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं चाललेलं. मीही सूप पुढं ओढून सोले काढायला बसायची. शेजारच्या दोघी-तिघी असायच्या. वनिता शेंगेवरची नजर न हलवता म्हणायची, "ज्योतीताई, एक बाई हाय. तिले झोपच नाही लागत. डोळे मिटले का लेकराचं रडणं आयकू येते."

ती बाई कोण हे तिथं बसलेल्या प्रत्येकीला कळत होतं. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिची सासू, जिला मी मनातल्या मनात खाष्ट ठरवून टाकलं होतं, तीच सोले निवडता निवडता म्हणाली, "त्या बाईले म्हणा, माह्यंही एक असंच गेलं होतं." वनितानं पहिल्यांदा वर पाहिलं. त्या दुपारी ती घरात जाऊन दोन तास झोपली.

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं मॅडमना सांगितलं. मॅडम वाईट नव्हत्या. हुशार होत्या, काटेकोर होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही थेरपी करताय की ग्रामसभा घेताय?" पडद्यावरच्या माझ्या वर्गातल्या बाकीच्या तिघी हसल्या. मग त्या केस फाइलच्या नमुन्यातला रकाना वाचून दाखवू लागल्या. एकांत राखला का, हो की नाही. "पेशंटचा हक्क आहे तो. तिथलं आहे म्हणून कमी प्रतीचं द्यायचं असं नसतं." यात चुकीचं काय होतं? काहीच नव्हतं. पण मला लागलं ते हसणं. दीड वर्ष घासून पुसून पुणेरी झालेली मी, आणि शेवटी गावठी निघाले, असं वाटून मी रात्रभर तळमळत राहिले.

दुसऱ्या दिवशी वनिताला उपकेंद्रात बोलावलं. सासूला म्हटलं, "आपण बाहेर बसा." आणि आतून कडी लावली.

चाळीस मिनिटं ती खुर्चीच्या कडेवर बसून होती. कडीकडे बघत राहिली. मी मऊ आवाजात, पुस्तकातल्यासारखं सांगत राहिले की इथे तू सुरक्षित आहेस. दार उघडलं तर बाहेर वीसेक माणसं उभी. नवरा शेतातून धावत आलेला. सासूचा चेहराच बदललेला. ती म्हणाली, "दार लावून तपासली माह्या सुनेले. काय झालं तिले, सांगा सर्वांसमोर." आणि मी, शांताआत्याची भाची, म्हणाले, "ते गोपनीय असतं." म्हणजे सांगण्यासारखं राहिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ त्या अंगणात होऊ शकत होता. वनिता खाली मान घालून त्या गर्दीतून गेली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओसरीवर माझ्यासाठी कोणी सूप सरकवलं नाही. नवरा उंबऱ्यातूनच म्हणाला, "तब्येत बरी हाय तिची." नऊ दिवसांनी माझी पोस्टिंग संपली.

पुण्यात मी ही केस सादर केली. एकांत राखला, हो. रुग्ण पुढील भेटींस आली नाही, असं शेवटी एक वाक्य. ओसरीबद्दल मी चकार शब्द काढला नाही. मॅडम म्हणाल्या, "बघा, जमलं की." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या. मला माझी आजही किळस येते.

पुढच्या उन्हाळ्यात वनिताला माहेरी आणून सोडलं आणि नवऱ्यानं दुसरी केली. डोक्याच्या डॉक्टरणीनं दार लावून पाहिली म्हणजे वेडीच असंल, एवढं कारण त्या गावाला पुरलं. आईनं फोनवर हे सांगितलं आणि म्हणाली, "तुले तं मालूम होतं, ज्योते." त्यानंतर ती मला वापस ये म्हणालेली नाही. एकदाही नाही.

मी आता कर्वेनगरमध्ये एका क्लिनिकमध्ये बसते. दार जाड आहे, आणि आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून दारापाशी एक छोटं यंत्र घुमत असतं. कंपन्यांतली मुलं-मुली येतात, चांगली असतात, बंद दाराआड मोकळी बोलतात. काहींचं आडनाव ऐकून कळतं की आपल्याकडचे आहेत. ते शुद्ध बोलतात, मीही शुद्ध बोलते, आणि तास संपतो. राहते तिथं समोरच्या फ्लॅटमधले आजोबा गेले ते मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं, तेही दोन दिवसांनी. मी त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. वनिताचं मात्र फोनवर कळत राहायचं. ती रोज दुपारी आईकडं येते. दोघी काहीबाही निवडत बसतात. आता झोपते म्हणे. मी एवढं शिकून जे करायचं होतं, ते माझी सातवी शिकलेली आई हातातलं काम न थांबवता करते आहे. मला बरं वाटायला हवं. वाटत नाही, मत्सर वाटतो, हे इथे लिहून टाकते.

या संक्रांतीला मी गेले. न सांगता गेले. भर दुपारी, डोळ्यांवर ऊन घेऊन घरात शिरले, बॅग खाली ठेवली आणि वळून ओसरीकडचं दार लावून आतून कडी घातली. पुण्यात रोज घालते तशीच. हातानं घातली, मला कळलंही नाही.

आत अंधार झाला. आईच्या शेजारून कोणीतरी ताडकन उठलं आणि मांडीवरच्या शेंगा जमिनीवर सांडल्या. वनिता होती. भिंतीला टेकून उभी राहिली, कडीकडे बघत.

"दार उघडा, मॅडम," ती म्हणाली.

मी हलले नाही. आई उठली, मला बाजूला करून तिनं कडी काढली आणि दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत लोटल्या. वनिता उंबऱ्यावर जाऊन बसली, रस्ता दिसेल अशी. मी खाली बसून शेंगा गोळा करायला लागले. तेवढ्यात रस्त्यावरून समोरच्या कमलाकाकूनं हाक दिलीच, "काहून वो, दार काहून लावलं होतं?"

"काही नाही वो," आई म्हणाली. "पुण्याची पाहुणी आली हाय. तिले मालूम नाही."