मार्चअखेर पूर्ण झालेला उंबर

जेसीबी ओढ्यात उतरायला चार दिवस उरले होते आणि अहवालात ‘वनस्पती’ हा रकाना माझ्यासाठी ठेवला होता. तो आधीच भरलेला निघाला. साहेबांनी ‘निरंक’ लिहिले होते. सोलापुरातल्या कार्यालयात बसून वैरागजवळच्या डोंगरातला ओढा त्यांना तसा दिसला असावा.

काम ओढा खोलीकरणाचे होते. म्हणजे पात्रातला गाळ आणि झुडपे काढून ओढा खोल आणि सरळ करायचा. मी वनस्पतीतज्ज्ञ. माझ्याकडून सहीची अपेक्षा होती. मी ओढा पाहायला गेले, ही प्रक्रियेत न बसणारी गोष्ट.

एप्रिल होता. पहिले दोन किलोमीटर साहेबांचे बरोबर ठरले. खडक, निर्गुडी, बाभळी, एखादा करंज. आठ महिने पाण्यावाचून काढणारी ही झाडे. अशा ओढ्याला हंगामी म्हणतात. मग एक वळण आले आणि समोर लव्हाळा, पाणकणीस आणि पाच जुने उंबर. पाणकणसाच्या मुळांना बारा महिने ओल लागते. ते जिथे उभे आहे, तिथे ओढा बारमाही. यासाठी वेगळी समिती नेमावी लागत नाही.

उंबराखाली म्हाळू आबा नावाचे मेंढपाळ पाण्यासाठी गाळात हाताने झिरा उकरत होते. मागे त्यांची मेंढरे उभी होती. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत त्यांना दुसरे पाणी नव्हते.

“हितं पाणी हाय, हे तुमाला कुणी सांगितलं, ताई?”

“पाणकणसानं. तुम्हाला?”

“मेंढरांनी. म्हंजी सायबालाच तेवढं कुणी सांगितलं न्हाय म्हणा की.”

ते पाणी गाळात साठलेले होते. खाली काळा पाषाण, वर मुळांनी धरून ठेवलेला गाळ. गाळ काढला की पाण्याची टाकीच उचलून नेल्यासारखे. आबांना हे माहीत होते. जेसीबी येणार, हेही माहीत होते.

मी साहेबांना सांगितले, तो तुकडा बारमाही आहे.

“मॅडम, योजना हंगामी ओढ्यांसाठी आहे.”

“पण तिथे पाणी आहे.”

“पाण्याचा प्रश्न नाही. मंजुरी मिळालीये. आणि झाडं पाणी अडवतात.”

“योजना पाणी अडवायचीच आहे ना?”

साहेबांनी चहा मागवला. एकच.

त्याच दुपारी मी योजनेची पुस्तिका वाचली. ती कार्यालयात कोणी उघडली नसावी, पाने चिकटलेली होती. त्यात ‘जैविक बांध’ असा एक प्रकार सापडला: पात्रात झाडे-गवत वाढवून पाण्याचा वेग कमी करणे. पुढच्याच पानावर नियम होता. पूर्ण झालेल्या कामाच्या जागी दुसरे काम घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना दाखवले, त्या वळणावर जैविक बांध तयारच आहे. त्यांचा चेहरा प्रथमच उजळला. उद्दिष्टातले एक काम न करता झाले होते.

“कधी पूर्ण झालं?”

“सांगता येणार नाही. उंबराचा बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही.”

त्यांनी लिहिले: मार्चअखेर.

जेसीबी आला. वळणाच्या खाली त्याने ओढा खोल केला, वरही केला. मधले तीनशे पावलांचे अंतर चुकवून गेला, कारण तिथे शासकीय काम होते.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा गेले. खोल केलेला ओढा सरळ, रेखीव आणि कोरडा होता. वळणावर झिरा चालू होता, मेंढरे पाणी पीत होती. उंबराशेजारी लोखंडी पाटी उभी होती.

“काय लिवलंय हो तिच्यावर?” आबांनी विचारले.

“ही झाडं खात्यानं गेल्या वर्षी मार्चअखेर लावली म्हणून.”

आबांनी उंबराकडे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाहिले.

“एका वर्सात? लई खत घातलं आसंल की.”

मग त्यांनी घोंगडी पाटीवर वाळत टाकली.

झाड वाचवायचे असेल, तर त्याचा उपयोग पटवत बसू नये. ते लावल्याचे श्रेय कुणाला तरी देऊन टाकावे.