तेवीस रेडिओ आणि न आलेला बेडूक

जिल्हा परिषदेने मोताळ्याच्या बाजूच्या तेवीस शाळांना बॅटरीवरचे रेडिओ दिले आणि ते कसे लावायचे हे गुरुजींना शिकवायला वडनेर भोलजीच्या उत्तमराव मास्तरांना सायकलवर बसवले. नेमणूक मानाची होती. पूर्वी एकाच गावची कुत्री मागे लागत, आता तेवीस गावांची लागू लागली.

पोरांना छडीने सरळ करणारे गुरुजी त्या खोक्याला मात्र भीत. एका हेडमास्तरांनी तर सत्यनारायण घालून, हार चढवून तो कपाटात बंद केला. उत्तमरावांनी यावर इलाज काढला. पिशवीत ते एक बंद पडलेला रेडिओ बाळगत. गुरुजींच्या हातात पेचकस देत आणि म्हणत, "खोला, बाप्पा. हा आधीच मेला आहे, तुमच्या हातून अजून काय मरन?" चार तारा उपसून झाल्या की माणसाचा हात सैल होई. मग चालू रेडिओ.

उकंडराव गुरुजींना पहिला पेच फिरवायलाच तीन महिने लागले. एकशिक्षकी शाळा, निवृत्तीला दोन वर्षे.

"मले सोडा, उत्तमराव. माह्या हातात कपबशी टिकत नाही."

"कपबशीले पेच नसते, गुरुजी. फिरवा."

दिवाळीनंतर एकदा त्यांनी स्वतःच्या हाताने नागपूर केंद्र लावले आणि आवाज येताच घाबरून उभे राहिले. उत्तमरावांना वाटले, आपले आयुष्य कारणी लागले.

दर गुरुवारी रेडिओवर शाळेचा पाठ होई आणि गुरुजी त्याचा अहवाल धाडत. मार्चमध्ये बुलढाण्याचे शिक्षण खात्याचे साहेब ते अहवाल पाहणार होते. बरे निघाले तर योजना राहील, नाहीतर रेडिओ परत. उत्तमरावांना निवृत्तीपर्यंत दुसरे काही करायचे नव्हते.

सहासष्टच्या जानेवारीत पंतप्रधान वारले. शाळा उघडल्या, तरी रेडिओचा दुखवटा चालूच होता. त्या गुरुवारी 'बेडकाची वाढ' हा पाठ झालाच नाही, अर्धा तास नुसती सारंगी वाजली. उत्तमरावांनी ती मोताळ्यात स्वतः ऐकली.

पुढच्या आठवड्यात अहवाल आले. 'बेडकाची वाढ मुलांना फार आवडली.' 'मुले खदखदून हसली.' 'बेडकाचा आवाज हुबेहूब.' उत्तमराव आधी हसले. बाराव्या कागदाला त्यांचे हसू थांबले. सगळ्यांनी छापील वेळापत्रक पाहून लिहिले होते. आणि हे किती महिने चालले होते, कोणास ठाऊक!

तेविसावा कागद उकंडरावांचा होता. 'आज बेडूक आला नाही. नुसती सारंगी रडली. पेटी माझ्या हातून बिघडली असावी. क्षमा असावी.'

उत्तमराव तसेच सायकलवर निघाले. उकंडरावांनी रेडिओ जुन्या धोतरात बांधून कोपऱ्यात ठेवला होता.

"काही बिघडलं नाही, गुरुजी. दुखवटा होता."

"तुमी माह्या समाधानासाठी बोलून राह्यले."

उत्तमरावांनी गाठोडे सोडून बटण फिरवले. रेडिओ खणखणीत आवाजात बाजारभाव सांगू लागला.

"पाहा!"

"तुमच्या हातानं बोलते जी. माह्या हातानं रडते."

"मग आता तुमीच लावा."

उकंडरावांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

त्यांच्या पत्नी सोजराबाई चहा घेऊन आल्या. "राहू द्या, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "आठ दिवस झाले, भाकर मोडाले बी हात कापते त्यायचा."

उत्तमरावांनी बुलढाण्याला एकच अहवाल पाठवला, उकंडरावांचा. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'बाकी बावीस शाळांत रेडिओ लावला जात नाही. या शाळेत लावला जात होता.'

एप्रिलमध्ये योजना बंद झाली. रेडिओ गोळा करायचे कामही उत्तमरावांकडेच आले. त्यांनी बैलगाडी घेऊन गावोगाव फिरून बावीस पेट्या उचलल्या. बहुतेक पेट्यांच्या काचेवरचा कागदसुद्धा कोणी काढला नव्हता. तेविसावीसाठी गाडी उकंडरावांच्या दारात थांबली, तेव्हा ते बाहेर आले नाहीत. सोजराबाईंनी गाठोडे गाडीत ठेवले. त्या पेटीच्या बटणावर खडू होता, तेलकट बोटांचे ठसे होते, एका कोपऱ्याचा रंग उडाला होता.

बुलढाण्याच्या कारकुनाने प्रत्येक पेटी उलटीपालटी करून पाहिली. बावीस पेट्यांपुढे त्याने 'सुस्थितीत' लिहिले, आणि त्या एकीपुढे 'खराब'.