ईस्टरचं पापलेट

आज ईस्टर. फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर पापलेट तळतायत आणि मी खिडकी न लावता तशीच उभी आहे. मी जन्मात मासा खाल्लेला नाही, तरी या वासाने माझा जळफळाट होतो.

शाळेत असताना मी नंदाखालला मैत्रिणीकडे, रीनाकडे, जेवायला गेले होते. त्यांचा ईस्टरआधीचा उपासकाळ चालू होता, घरात मासे-मटण बंद, म्हणूनच आईने मला जाऊ दिलं होतं. आम्ही ओट्यावर डाळ-भात खात होतो. तेवढ्यात कोळीण आली. रीनाच्या बाबांनी टोपलीतलं एक पापलेट उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि हळूच परत ठेवलं.

"ईस्टरला आण. असंच."

त्यांच्या चेहऱ्यावरचं सुख बघून माझा घास हातातच राहिला.

"तुम्ही उपासात काय सोडता गं?" रीनाने विचारलं.

"आम्ही मासे-मटण खातच नाही," मी घरी शिकलेल्या तोऱ्यात म्हणाले.

"अगो बाय, मग सोडणार काय?" असं म्हणून तिच्या आईने कळवळून मला आणखी भात वाढला.

घरी येऊन मी ईस्टरपर्यंत बटाटा सोडला. कुणाला सांगितलं नाही. ईस्टरच्या दुपारी, नंदाखालला आता पापलेट तव्यावर पडलं असेल, असं मनात म्हणत मी अधाशासारखी ताटावर बसले. आईने कारल्याची भाजी वाढली.

"बटाटा तुला हल्ली आवडत नाही," ती म्हणाली, "म्हणून आणलाच नाही."