निघणाऱ्यांचं सामान

आखातातल्या या शहरात, महबूला भागातल्या आमच्या घरात नवं असं काही नव्हतंच. सोफा कोल्हापूरला परतलेल्या जोडप्याचा, फ्रीज नाशिकच्या बाईंचा, मुलीची छोटी कॉट तर तिच्याआधी दोन मुलांनी वापरलेली. इथली मराठी माणसं निघताना ग्रुपवर सामानाचे फोटो टाकतात आणि घेणाऱ्याने घासाघीस करायची नाही, अशी रीत आहे. माणूस का निघालाय, ते सगळ्यांना ठाऊक असतं.

या वर्षी फोटो आम्ही टाकले. नवऱ्याच्या कंपनीने अकाउंट्सवाल्यांचे पगार कापले. पटत नसेल तर सोडा, एवढंच सांगितलं. बायको-मुलांना इथे ठेवायचं तर पगार अमुक इतका हवा, अशी सरकारची अट. कापलेला पगार त्या आकड्याच्या खाली गेला. म्हणजे त्याने इथे, अब्बासिया भागात आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायचं आणि आम्ही दोघींनी पुण्याला जायचं. पगार कापणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही, शिक्षा मात्र आम्हाला. याचा मला अजून संताप येतो.

इथल्या मराठी मंडळात बँकेतले एक काका मान हलवत म्हणाले, "सरकारने मध्यमवर्गाकडे बघायला हवं."

"कुठल्या सरकारने, काका?"

इथे आम्ही परके, आणि तिकडे दिनार कमावणारे, म्हणजे सुखी. कुणी मदत करावी इतके गरीब नाही आणि एका सहीने घर मोडू नये इतके श्रीमंतही नाही.

सामान बघायला पहिली आली ती नुकतंच लग्न होऊन आलेली मुलगी. तिला रीत माहीत नव्हती. "ताई, सोफ्याचं थोडं कमी करा ना." मी फटकन बोलणारच होते, पण तिच्या हातात पडद्यांचं माप घ्यायची टेप होती. मी कमी केलं. मग ती कॉटपाशी गेली आणि लाजत म्हणाली, "हीपण घेते. पुढे लागेलच."

"ती द्यायची नाही," नवरा आतून म्हणाला.

लेकीची आठवण म्हणून ठेवत असेल, असं मला वाटलं. ती नवी मुलगी गेल्यावर मी म्हटलं, "अरे, अब्बासियाच्या त्या खोलीत तुम्ही चौघं. ही कॉट कुठे ठेवणार आहेस?"

"तिथे एवढीच मावते," तो म्हणाला आणि जमतंय का ते बघायला, गुडघे पोटाशी घेऊन तिच्यावर आडवा झाला.